जुन्या क्रॉलरवर पांढरा तारा काढताय? या चुका टाळा

कोठारात ऐंशीएक वर्षांचा छोटा चेनवाला ट्रॅक्टर, म्हणजे क्रॉलर, सापडला की तो ‘महायुद्धातला’ असल्याचं विकणारा शपथेवर सांगतो. घेणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. अमेरिकेतल्या जुन्या यंत्रांच्या मेळाव्यांत ही सोंगं बघून बघून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

पिवळ्याखाली हिरवा निघाला, म्हणजे लष्करी

सगळ्यांची लाडकी चूक. एका मेळाव्यात एक उत्साही गृहस्थ भेटले. जॉन डिअरचा छोटा क्रॉलर. पिवळा रंग खरवडला तर खाली हिरवा लागला, आणि त्यांना थेट नॉर्मंडीचा किनारा दिसला. महिन्याभरात सगळं सँडब्लास्ट करून वर लष्करी ऑलिव्ह रंग, बॉनेटवर अमेरिकी सैन्याचा पांढरा तारा, मागे जेरीकॅनसुद्धा. मी साल विचारलं. म्हणाले, बेचाळीस. ट्रॅक्टर होता एमसी. हे मॉडेल 1949 ते 1952 या काळात बनलं. तोवर जर्मनीला शरण येऊन चार वर्षं झाली होती. खालचा हिरवा म्हणजे डिअरचा नेहमीचा घरचा हिरवा.

हे सांगितल्यावर त्यांनी जागच्या जागी युद्ध बदललं. ‘मग कोरियाला गेला असेल!’ गेला असेलही. पण ते सांगू शकणारे रंगाचे थर वाळूच्या माऱ्यात उडून गेले होते आणि नंबरची पट्टी घासून आरशासारखी केलेली. आता त्या ट्रॅक्टरबद्दल कोणीच काही सिद्ध करू शकत नाही, ते स्वतःही नाही.

गंमत अशी की युद्धकाळात जॉन डिअरने लष्करासाठी क्रॉलर खरोखर बनवले होते. पण ते क्लेट्रॅक या दुसऱ्या क्रॉलर कंपनीच्या आराखड्यावरचे एमजी-2. डिअरचं नाव आणि हिरवा रंग एवढ्यावर हुरळून जाणाऱ्यांना हे नेमकं माहीत नसतं.

क्लेट्रॅकच्या एचजी या छोट्या क्रॉलरच्या बाबतीतही हाच घोळ. 1944 मध्ये ऑलिव्हर या ट्रॅक्टर कंपनीने क्लेट्रॅक विकत घेतली, आणि ऑलिव्हरचा रंगही हिरवाच.

माझी सवय सांगतो. धुण्याआधी फोटो. मग रात्री दिवे बंद करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा; स्टेन्सिलच्या आकड्यांची कड कधी कधी अशीच उमटते. मग सीटखाली, टाकीच्या पट्ट्याखाली, पट्टीच्या मागे, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, ओल्या बारीक वॉटर पेपरने रुपयाएवढं घासायचं. थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक दिसतात. तिथे मळकट ऑलिव्ह रंग प्रायमरच्या लगेच वर (म्हणजे कारखान्यातलाच) आहे की मधल्या एखाद्या थरात (म्हणजे नंतर चढवलेला), हे बघा. या कामाला एक दुपार जाते. सँडब्लास्टिंगलाही तेवढीच जाते, पण त्यानंतर बघायला काही उरत नाही. ज्यांना एवढाही दम निघत नाही त्यांनी नवा ट्रॅक्टर घ्यावा.

युद्धकाळातला, सरकारी, म्हणून सैन्याचा

ब्रिटनमधल्या यंत्रांबाबत हे हमखास होतं. कॅटरपिलर डी2, इंटरनॅशनल टीडी-6 असे क्रॉलर लेंड-लीज या मित्रदेशांना सामान पुरवण्याच्या अमेरिकी योजनेतून तिकडे गेले, पण त्यातले कितीतरी ‘वॉर अ‍ॅग’ म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातल्या युद्धकालीन शेती समित्यांकडे. काम होतं पडीक कुरणं नांगरून धान्य पिकवायचं. नावात ‘वॉर’ आहे म्हणून त्यावर तारा काढू नका.

आपल्याकडे उलटं घडलं. अमेरिकन सैन्याने भारतात मागे ठेवलेले क्रॉलर युद्धानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने घेतले आणि मध्य भारतातलं कास गवत उपटायला लावले. त्यामुळे इथे ‘मिलिटरीचा होता’ ही ऐकीव गोष्ट कधी कधी खरी निघू शकते. कागद मात्र मागाच.

काम न बघता कथा रचणं

डी2 वरच्या गिअरमध्ये ताशी आठेक किलोमीटर चालतो. तोफखान्याच्या ताफ्याबरोबर तो धावला असं सांगणाऱ्याने एकदा त्याच्यावर बसून बघावं. विमानतळावर बॉम्बफेकी विमानं ओढणारा क्लेट्रॅकचा एम2 (तोच एमजी घराण्यातला) ताशी 35 च्या आसपास जायचा, वर विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि हवेचा कॉम्प्रेसर.

छोट्याचं खरं लष्करी काम बघायचं तर क्लार्कचा सीए-1 बघा. ग्लायडरमध्ये मावेल एवढाच बुलडोझर. 5 मार्च 1944 च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर ब्रह्मदेशात ‘ब्रॉडवे’ असं नाव दिलेल्या जंगलातल्या मोकळ्या जागेवर उतरले. बुलडोझर घेऊन आलेल्या एका ग्लायडरचे पंख झाडांत अडकून तुटले आणि बुलडोझर समोरून बाहेर उडाला. नाकाची केबिन वर उचलली गेली म्हणून ग्लायडरचे वैमानिक वाचले. धावपट्टी तयार होऊन दुसऱ्या संध्याकाळी तिथे डाकोटा मालवाहू विमानं उतरत होती. असा इतिहास असताना खोटा कशाला रचायचा?

बाकीच्या किरकोळ

मागचा लष्करी हूक पुरावा नाही. तो युद्धानंतर सरकारी लिलावात स्वस्तात मिळायचा.

विंच लाकूडतोड्यांकडेही होता.

इंजिनचा नंबर चेसिसचा समजू नका, इंजिनं बदलली जातात.

ऑलिव्हरची जुनी कागदपत्रं आयोवात चार्ल्स सिटीच्या फ्लॉइड काउंटी संग्रहालयात आहेत. अंदाज बांधण्याआधी तिथे लिहा.

आणि एमजी-2 म्हणून मॅन्युअल मागवताना कंपनीचं नावही लिहा. इप्सविचच्या रॅन्सम्सचाही एमजी2 आहे: एक सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर, भाजीच्या मळ्यासाठी बनवलेला. त्याने बॉम्बफेकी विमान ओढायला गेलात तर विमानाला कळणारही नाही.