शिक्षकाच्या फोनवर उघडतं, पालकाच्या फोनवर अडतं: वर्गातल्या ऑनलाइन कामात या चुका टाळा

फॉर्म उघडला नाही, व्हिडिओ दिसला नाही, गृहपाठ पोहोचला नाही की खापर नेटवर्कवर फुटतं. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा गोची वेगळीच असते. गूगलचा फॉर्म, शीट किंवा यूट्यूबचा व्हिडिओ शिक्षकाने स्वतःच्या खात्यातून बनवलेला असतो आणि स्वतःच्याच फोनवर तपासलेला असतो. मालकाला सगळी दारं उघडी असतात, त्यामुळे पालकाला कुठे कुलूप लागलंय हे त्याला दिसतच नाही. म्हणून लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहा. तसा फोन हाताशी नसेल तर क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा, तिथे तुमचं खातं लॉगिन नसतं. खाली दिलेल्यांपैकी निम्म्या चुका तिथेच सापडतील.

लिंक उघडत नाही, किंवा नको तितकी उघडते

गूगल ड्राइव्हवरची नवी फाइल मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे इतरांना बंद, असते. तिची लिंक तशीच गटात टाकली की पालकांना ‘परवानगी मागा’ अशी पाटी दिसते आणि शिक्षकाच्या मेलवर विनंत्यांचा ढीग पडतो. मग घाईघाईत ‘एनीवन विथ द लिंक’ निवडलं जातं आणि शेजारचा पर्याय चुकून ‘एडिटर’ निवडला जातो. रात्री कुणाच्या तरी लहान भावाचं बोट लागतं आणि शीटमधल्या दोन रांगा गायब होतात. वाचायची फाइल असेल तर ‘व्ह्यूअर’ ठेवा. पालकांकडून माहिती भरून घ्यायची असेल तर शीट अजिबात देऊ नका, फॉर्म द्या. शीटमध्ये प्रत्येकाला इतरांची माहिती दिसते, फॉर्ममध्ये प्रत्येक जण फक्त स्वतःची भरतो. शीट आधीच बिघडली असेल तर संगणकावर ‘फाइल’ मेनूतून ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, बिघाडाच्या आधीची वेळ निवडा आणि ती प्रत परत आणा.

गूगल क्लासरूममध्ये याच जातीची आणखी एक चूक होते. कार्यपत्रिका जोडताना ‘मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट’ निवडायचं राहून जातं. ‘स्टुडंट्स कॅन एडिट’ निवडलं असेल तर सगळा वर्ग एकाच पानावर लिहायला लागतो आणि पहिल्याचं उत्तर दुसरा पुसतो. काम एकदा दिल्यावर तो पर्याय बदलून प्रती करता येत नाहीत. ते काम काढून नव्याने द्यावं लागतं.

फॉर्मवरची चाचणी

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे आणि तिची कारणं अगदी बारीक आहेत.

‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ चालू केलं की फॉर्म गूगल खात्यातून लॉगिन मागतो. घरात फोन एक, खातं वडिलांचं, आणि मुलं दोन. थोरलीने चाचणी दिली की धाकट्याला ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ असं दिसतं. ते पोर दांडी मारत नसतं, फॉर्मच त्याला आत घेत नसतो. ही मर्यादा बंद ठेवा. एकाने दोनदा भरलं तर शीटमध्ये हजेरी क्रमांकानुसार क्रम लावा, दुहेरी नोंदी लगेच दिसतात. आपोआप गोळा होणाऱ्या ईमेलवरूनही मूल ओळखू नका. तो मेल काकांचा असू शकतो, गावातल्या नेटकॅफेवाल्याने उघडून दिलेलाही असू शकतो.

नावाचा रकाना मोकळा ठेवला की एकच मुलगा आठवड्यात तीन तऱ्हांनी उगवतो: एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा नुसतं आडनाव. नावाऐवजी हजेरी क्रमांकाची ड्रॉपडाउन यादी द्या. ४० मुलांची यादी एकदाच टंकायची आणि प्रत्येक नव्या चाचणीसाठी त्याच फॉर्मची प्रत काढायची.

मराठीतली लघुउत्तरं आपोआप तपासायला देणं हा तर सापळाच. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. कळफलक कोणता यावर ते ठरतं. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. ‘ॲ’चंही तेच. मुलाने ‘12’ लिहिलं आणि उत्तरसूचीत ‘१२’ असलं तरी गुण शून्य. पालक स्क्रीनशॉट पाठवतात, बरोबर उत्तराला चूक दिलेलं असतं आणि शिक्षकाकडे त्याचं स्पष्टीकरण नसतं. उत्तरसूचीत सगळी संभाव्य रूपं भरता येतात. अंकांसाठी तेवढं पुरतं. शब्दांसाठी मात्र बहुपर्यायी प्रश्न द्या किंवा उत्तरं हाताने तपासा. यंत्राने वाचवलेला वेळ तक्रारी निस्तरण्यात जाणार असेल तर तो वाचला कुठे?

पर्यायांचा क्रम बदलणारं ‘शफल’ चालू असताना शेवटचा पर्याय ‘वरीलपैकी सर्व’ ठेवू नका. तो सर्वांत वर आला की त्याला अर्थच उरत नाही. ‘अ आणि ब दोन्ही’ हेही तसंच. पर्यायाचा पूर्ण मजकूर लिहा.

गुण लगेच दाखवायचा पर्याय चालू असेल तर पहिला मुलगा चाचणी संपवतो आणि बरोबर उत्तरांचा स्क्रीनशॉट गटात फिरतो. गुण नंतर दाखवायचे असं ठरवा. तो पर्याय निवडला की फॉर्म ईमेल मागतो. म्हणून एकच फोन असलेल्या घरांसाठी निकाल वर्गात सांगितलेला बरा. ‘व्ह्यू रिझल्ट्स समरी’ बंद आहे का, हेही पाहा. ते चालू असलं की उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दिसतो.

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. त्यातला मजकूर उचलून फॉर्ममध्ये चिकटवला की चित्रविचित्र अक्षरांची रांग उमटते. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं व रफार नजरेखालून घाला. चुका तिथेच राहतात.

गृहपाठाचे फोटो

४० मुलं, प्रत्येकी दोन पानं, एका फोटोचे साधारण ३ एमबी धरले तर दिवसाला २४० एमबी. फॉर्ममध्ये फाइल मागवणारा प्रश्न टाकला तर त्या फॉर्मला मुळात एकूण १ जीबीची मर्यादा असते. पाचव्या दिवशी तो फाइल घेणं थांबवतो आणि शिक्षकाला वाटतं मुलं आळशी झाली. मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते, पण मग भार ड्राइव्हवर येतो. मोफत खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा. याच हिशोबाने ती सुमारे दोन महिन्यांत भरते, आणि भरली की मेल येणंही थांबतं. केंद्रप्रमुखांचं पत्र का आलं नाही याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं. शिवाय फाइल जोडायला मुलाला गूगल खात्यात शिरावं लागतं.

रोजचा गृहपाठ वहीतच तपासा. फोटो मागवायचे ते प्रकल्पाचे, चित्राचे, प्रयोगाचे, आठवड्यातून एकदा.

व्हॉट्सॲपचा गट

गट बनवतानाच सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा: संदेश फक्त ॲडमिनने पाठवायचे, सदस्य फक्त ॲडमिनने जोडायचे, आणि लिंकवरून येणाऱ्याला मंजुरी लागेल. गट सकाळच्या शुभेच्छांनी आणि निवडणुकीच्या फॉरवर्डने भरून गेल्यावर हे बदललं की कुणीतरी रुसतं. शंका विचारायला वेगळी वेळ आणि वेगळा मार्ग ठेवा, उदाहरणार्थ संध्याकाळी ५ ते ६ फोन. नाहीतर रात्री ११ वाजता ‘उद्या डबा आणायचा का’ येणारच.

गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कुणाच्या आईला नको ते फोन यायला लागले तर त्याची सुरुवात इथून झालेली असू शकते. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक गट एकत्र जोडणाऱ्या सोयीच्या) घोषणागटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पूर्ण शाळेच्या सूचनांसाठी तोच वापरा.

ब्रॉडकास्ट यादीवर (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीवर) पाठवलेली सूचना काही पालकांपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच ती मिळते. एका यादीत २५६ जणांपर्यंत मावतात. शाळा सुरू होतानाच्या पालकसभेत सगळ्यांकडून तिथल्या तिथे नंबर साठवून घ्या. हे काम घरी नेऊन करायला सांगितलं की होत नाही.

आता सर्वांत वाईट सवय. शिष्यवृत्तीसाठी किंवा यूडायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या) नोंदीसाठी ‘आधार आणि पासबुकचा फोटो गटात टाका’ असा संदेश जातो. दहा मिनिटांत ३० कुटुंबांचे आधार क्रमांक आणि बँक खाती सगळ्यांच्या फोनवर उतरलेली असतात. असे कागद शाळेत प्रत्यक्ष पाहा. फारच अडलं तर पालकाने शिक्षकाला वेगळा संदेश पाठवावा, तोही शेवटचे चारच अंक दिसणाऱ्या मास्क्ड आधारचा, आणि काम झालं की तो पुसावा. कुणी गटात टाकलाच तर ॲडमिनला इतरांचा संदेशही सर्वांसाठी पुसता येतो, पण त्याला दोन-अडीच दिवसांची मुदत असते. तोवर कुणी पुढे पाठवला असेल तर इलाज नाही.

मतचाचणीचा (पोलचा) पर्याय सभेची वेळ ठरवायला छान आहे. ‘सहलीचे पैसे भरले का?’ यासाठी मुळीच नाही. कोणी काय निवडलं हे नावानिशी सगळ्यांना दिसतं.

यूट्यूब आणि मीट

‘प्रायव्हेट’ ठेवलेला व्हिडिओ मुलांना उघडत नाही, ‘पब्लिक’ ठेवला तर जगाला दिसतो. वर्गासाठी ‘अनलिस्टेड’ ठेवा, मात्र लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो दिसेल हे धरून चाला. १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नसेल तर चॅनलची फोनवरून पडताळणी राहिलेली असते. ‘मेड फॉर किड्स’ निवडलं की प्रतिक्रिया बंद होतात. ‘उत्तर कमेंटमध्ये लिहा’ असा गृहपाठ तिथे चालणार नाही, आणि मुलांची नावं उघड्यावर मांडणारा गृहपाठ द्यावाच कशाला? स्नेहसंमेलनाच्या नाचाचा व्हिडिओ अडला, आवाज गेला किंवा त्यावर जाहिराती आल्या तर मागे वाजणाऱ्या चित्रपटगीताचा हक्क कंपनीने सांगितलेला असतो.

वर्गातल्या टीव्हीला स्वतःचा फोन जोडताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. धड्याच्या मधोमध पतसंस्थेच्या हप्त्याची आठवण पडद्यावर झळकली की पुढची पाच मिनिटं गेली.

मोफत गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असले की ६० मिनिटांनी बैठक तुटते. ४० मिनिटांच्या दोन तासिका एकत्र लावू नका. व्हिडिओ दाखवताना आवाज जात नसेल तर खिडकी नव्हे, क्रोमचा टॅब शेअर करा. आवाज घुमत असेल तर एकाच खोलीत दोन फोन चालू आहेत. आणि शेवटी नुसते बाहेर पडू नका, सर्वांसाठी बैठक संपवा. नाहीतर शिक्षकांविना मुलं आत राहतात.

मुलांचे फोटो आणि खाती

इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप यांवर खात्यासाठी किमान वय १३ आहे. पाचवीच्या मुलांना ‘स्वतःचं खातं काढून व्हिडिओ टाका’ असं सांगणं म्हणजे त्यांना खोटी जन्मतारीख लिहायला शिकवणं. मुलांच्या फ्रेंड रिक्वेस्ट, मग त्या दहावीच्या का असेनात, स्वीकारू नका. शाळेचं पान वेगळं ठेवा, स्वतःचं वेगळं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची संमती हा मुख्य नियम आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच साधी लेखी संमती घ्या: फोटो कुठे टाकला जाईल, नाव असेल की नाही. ‘नाही’ म्हणायची जागा त्या कागदावर असू द्या. समूहाचे फोटो टाका. नाव, इयत्ता आणि गाव तिन्ही एकत्र देऊ नका. सहलीचे फोटो मुलं घरी परतल्यावर टाका, बस वाटेत असताना नको. घटक चाचणीच्या गुणांची यादी कधीच नको.

प्रकरण गंभीर असेल तर

मुलामुलीचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ फिरतोय असं कळलं की ‘पुरावा’ म्हणून तो मुख्याध्यापकांना फॉरवर्ड केला जातो. हे करू नका. असा मजकूर पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली स्वतःच गुन्हा आहे. कोणत्या नंबरवरून, कोणत्या गटात, किती वाजता आला एवढं कागदावर लिहा, तोंडी कळवा आणि पोलिसांकडे जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शाळेत मिटवून टाकायचा तो विषय नाही. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

बदली होण्याआधी

जिल्हा परिषदेच्या शाळांत दरवेळी हेच घडतं: गुरुजींची बदली होते आणि फॉर्म, उत्तरपत्रिका, गटाचं ॲडमिनपद त्यांच्या वैयक्तिक खात्यासोबत पुढच्या तालुक्यात जातं. शाळेच्या नावाने एक खातं काढा, त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे ठेवा आणि कामाच्या फाइल त्यातच बनवा. प्रत्येक गटाला दुसरा ॲडमिन नेमा. एप्रिलअखेर जुने फॉर्म उत्तरं घेणं बंद करा, गटाची निमंत्रण लिंक रीसेट करा, शाळा सोडून गेलेल्यांचे नंबर काढा आणि स्वतःच्या गॅलरीतले मुलांचे फोटो पुसा.