पावसात राजगड: पाली दरवाज्याने चढताना-उतरताना

पावसात राजगड करायचा तर वाट ठरवताना उतरणीचा विचार आधी करावा. पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाज्याची वाट जवळची, पण वरचा टप्पा उभ्या कातळाचा. रेलिंग धरून चढून जाता येतं. उतरताना मात्र ओल्या दगडावर पाय ठरत नाही, त्यात सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग. पाली दरवाज्याची वाट लांब, पण रुंद आणि पायऱ्यांची. पावसात हीच घ्या.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहा, तोही शहराचा नव्हे, घाटमाथ्याचा. पुण्यात भुरभुर असते तेव्हा गडाच्या बाजूला, वेल्ह्याकडे झोडपत असतो. घाटाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत सरळ पुढे ढकला. गड कुठे जात नाही.

सॅकच्या आत कचऱ्याची जाड पिशवी उलगडून सगळं सामान तिच्यात भरा. वरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, पाणी तिथूनच शिरतं. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. छत्री आणि पोंचो माचीवरच्या वाऱ्यात उलटेपालटे होतात, जॅकेट बरं. पाऊस असला तरी माणशी २ लिटर पाणी हवंच. गाडीची किल्ली आणि मोबाइल झिपच्या पिशवीत.

पहाटे साडेपाचला स्वारगेट सोडा. सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून उजवीकडे मार्गासनी आणि पुढे पायथा. पावसात दोन तास धरा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, खालची फरशी शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही. पायथ्याला गाडी डोंगर कापलेल्या कडेखाली लावू नका. खाचराच्या मऊ बांधावरही नको, चाक रुततं. चढायला लागण्याआधी गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवा, म्हणजे उतरल्यावर खोळंबा होत नाही.

वाटेत ओढा लागला तर पाण्याचा रंग बघा. स्वच्छ आणि घोट्याएवढं असेल तर काठी टेकत पार करा. गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर वर जोराचा पाऊस झालाय, थांबा. गुडघ्याएवढं वाहतं पाणी धडधाकट माणसालाही पाडतं.

दुपारी १२ ला जिथे असाल तिथून मागे फिरा, बालेकिल्ला राहिला तरी. विजा कडाडत असतील तर १२ चीही वाट पाहू नका, माचीवरून लगेच खाली या.

माणसं घसरतात ती बहुतेक उतरतानाच. टाच रोवून लांब ढांग टाकली की बूट पुढे सरकतो आणि माणूस पाठीवर आपटतो. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकवा, अख्खा तळवा टेकवा. काळपट, चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ. त्याच्या शेजारचा खरबरीत शोधा. लाल मातीच्या घसाऱ्यावर कुशीला वळून, पावलं आडवी टाकत उतरा. आधाराला गवत धरू नका, पावसात ते मुळासकट हातात येतं. कोणाला लागलंच तर ११२ लावा. रेंज मिळाली नाही तर एकाने त्याच्यापाशी थांबून दोघांनी गावात जावं. म्हणून चौघांपेक्षा कमी जाऊ नये.

गाडीत बसण्याआधी कपडे बदला. ओल्या अंगांच्या वाफेने काच आतून धुरकटते. एसी लावून हवा काचेवर सोडा. नुसतं फडकं मारलं तर दोन मिनिटांत पुन्हा तेच.