ईडीटीएनं गिळलेला सिग्नल

जळगावच्या आमच्या लॅबमध्ये टी-पेशींवरचा (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींवरचा) एलएफए-१ हा चिकटण्याचं काम करणारा प्रथिन-रेणू सक्रिय झालाय का, हे बघायला मी '२४' ही मोनोक्लोनल (एकच ठरावीक खूण ओळखणारी) अँटिबॉडी वापरत होते. ती सक्रिय आकारातल्या रेणूलाच चिकटते. तीन आठवडे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशींवरची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, काहीच नाही. मे महिन्यातला खान्देश. अँटिबॉडी वाटेतच तापली असेल, असं वाटून मी नवी मागवायलाही निघाले होते.

मग रक्ताच्या नळीचं जांभळं झाकण डोळ्यांत भरलं. त्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए, पेशी धुण्याच्या बफर द्रावणातही ईडीटीए! ते मॅग्नेशियम ओढून घेतं, आणि त्याविना एलएफए-१ तो आकार धरत नाही. हिरव्या झाकणाची, ईडीटीएऐवजी हेपरिन असलेली नळी घेतली, हेपेस नावाच्या बफरमध्ये मॅग्नेशियम घातलं, बर्फाऐवजी ३७ अंशांवर ठेवलं. तुलनेला एका नळीत एलएफए-१ला हमखास सक्रिय करणारं १ मिलिमोलर मँगनीज. त्या नळीच्या आलेखातलं शिखर सरळ उजवीकडे सरकलं, म्हणजे सिग्नल आला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.