फुकट लॅपटॉपची लिंक आली? या चुका टाळा

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी साडेसहाला मेसेज पडला: ‘प्रधानमंत्री मोफत लॅपटॉप योजना, शेवटचे दोन दिवस.’ पाठवणाऱ्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. निवृत्त शिक्षिका, भाजीवाल्याकडून दोन रुपयेसुद्धा परत घेणाऱ्या. विचारलं तर म्हणाल्या, “अरे, नातवासाठी भरला फॉर्म. दहा जणांना पाठवल्याशिवाय पुढेच जाईना!”

‘पाठवायला आपलं काय जातंय’ ही पहिली चूक. फॉर्मवर पाठवलेले मेसेज मोजणारी ती हिरवी पट्टी भरते ना, तिला तुम्ही कुणाला पाठवलंत हे कळतसुद्धा नाही. मी काकूंच्या फोनवर शेअरचं बटण दाबलं, कुणालाही न पाठवता मागे आलो, तरी पट्टी सरकली. पान पुन्हा उघडलं तर ‘उरलेली ९ मिनिटं’ परत नऊच. खालच्या ‘मला आजच मिळाला, धन्यवाद’ या प्रतिक्रियाही चिकटवलेल्या; लाइक दाबून बघा, काही हलत नाही. फसवणाऱ्यांना हवा असतो तो काकूंचा शब्द. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक आपण उघडत नाही, काकूंची उघडतो.

मोफत लॅपटॉपचे असे मेसेज खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने अनेकदा सांगितलंय. सरकारं लॅपटॉप वाटतच नाहीत असं नाही. तमिळनाडूने २०११ पासून वाटले, उत्तर प्रदेशने टॅबलेट दिले. पण ते शाळा-कॉलेजच्या यादीतून.

दुसरी चूक, लिंक डावीकडून वाचणं. सुरुवातीला ओळखीच्या कंपनीचं नाव दिसलं की आपण निर्धास्त. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघेला लागून ‘मोफत-गिफ्ट डॉट एक्सवायझेड’ असेल, तर साइट त्या मोफत-गिफ्टवाल्याची. आधी कितीही मोठं नाव जोडलेलं असो.

खरा खड्डा पुढे आहे. स्क्रॅच कार्डावर आयफोन लागतो आणि ‘फक्त डिलिव्हरीचे ४९ रुपये’ मागतात. मग जीएसटी, मग बक्षिसावरचा टॅक्स. इथे भलेभले फसतात, कारण यात अर्धं सत्य आहे: १० हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर खरंच लागतो. पण तो पॅन नंबरावर सरकारी तिजोरीत जमा होतो, कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर नाही. आणि आधी भरलेले दोन हजार बुडू नयेत म्हणून माणूस आणखी पाच हजार भरतो. तोवर फोनचा मोह सुटलेला असतो, चाललेली असते ती आपलेच पैसे सोडवायची धडपड.

यूपीआय पिन पैसे मिळवण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे देतो म्हणत पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार. ‘एक रुपया भरून खात्री करा’ म्हणत ऑटोपेची मंजुरीही काढून घेतात. मग ठरलेल्या मर्यादेत रक्कम पुन्हा पिन न विचारता कापली जाऊ शकते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती एकदा बघाच. नको ते तिथेच रद्द होतं.

फसल्यावरची चूक मला जास्त खटकते. घरच्यांना कळू नये म्हणून लोक चॅट उडवतात, म्हणजे पुरावाच जातो. किंवा गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळेल त्या नंबरला फोन लावतात, आणि तिथे ‘रिफंड’ द्यायला दुसरा भामटा बसलेला असतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळलं तर गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. त्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून ‘उद्या बघू’ नको.

‘फॉर्म’ म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) उतरवली असेल, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. ते ॲप काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवरून बदलला, तर नवा पासवर्डही त्यांच्याकडेच जायचा.