पर्लमध्ये आर्ग्युमेंटची तपासणी घालायला बसण्याआधी

जुन्या पर्ल प्रोग्राममध्ये पॅरामीटरची, म्हणजे सबरूटीनला (फंक्शनला) दिलेल्या आर्ग्युमेंटची तपासणी घालायचं ठरलं की पहिल्यांदा त्यासाठीचं तयार मॉड्यूल शोधावंसं वाटतं. तो मोह थोडा वेळ आवरा. आधी ज्या सर्व्हरवर हा प्रोग्राम चालतो तिथे जाऊन पर्लची आवृत्ती बघा, कारण निम्मे निर्णय तिथेच होतात. रेड हॅट ७ वर ५.१६ मिळेल, ८ वर ५.२६, ९ वर ५.३२. डेबियन १२ वर ५.३६ आहे, उबंटू २४.०४ वर ५.३८. सबरूटीनच्या नावापुढे कंसात व्हेरिएबल लिहायची सोय, म्हणजे सिग्नेचर, २०१४ साली ५.२० मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि २०२२ च्या ५.३६ मध्ये पक्की झाली. तुमच्याकडे ५.३६ असेल तर फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीची एक ओळ घातली की सिग्नेचर, स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग तिन्ही चालू होतात. आर्ग्युमेंट किती आली ते पर्ल स्वतः मोजतं आणि कमी किंवा जास्त आली की तिथेच थांबतं. हाताने लिहिलेली ‘@_ मध्ये, म्हणजे आलेल्या आर्ग्युमेंटच्या यादीत, दोनच आहेत ना’ ही तपासणी तेव्हा काढून टाका. पर्लची मोजणी तिच्याइतकीच स्वस्त आहे आणि ती लिहायला कुणी विसरू शकत नाही.

याच टप्प्यावर जुने प्रोटोटाइप शोधून ठेवा. कंसात दोन डॉलर लिहिले म्हणजे दोन आर्ग्युमेंटची तपासणी झाली, असा समज बऱ्याच टीममध्ये अजून आहे. प्रोटोटाइपचं खरं काम कॉलचा अर्थ कसा लावायचा हे पर्लला सांगणं. मेथड म्हणून बोलावलं तर पर्ल त्याच्याकडे बघतही नाही. शिवाय ५.३६ ची ओळ घातली की तोच कंस सिग्नेचर म्हणून वाचला जातो आणि फाइल कंपाइलच होत नाही. जे प्रोटोटाइप खरोखर लागतात ते आधी ॲट्रिब्यूटच्या रूपात हलवून ठेवा. बाकीचे पुसून टाका.

आता यादी करायची ती सबरूटीनची, आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: याला बाहेरून कोण हाक मारतं? बाहेरून म्हणजे वेब फॉर्म, सीएसव्ही फाइल, कमांड लाइन, दुसऱ्या टीमचं मॉड्यूल. वेळ वाचणार की वाया जाणार हे या यादीवर ठरतं, म्हणून तिला एक अख्खी दुपार द्या. मी एका बिलिंगच्या कामावर होतो तेव्हा ग्राहक क्रमांक सहा सबरूटीनमध्ये तपासला जायचा. सहाही ठिकाणी नियम थोडा थोडा वेगळा. एकाला शून्य चालायचं, एकाला रिकामी स्ट्रिंग, एक जण पुढची मोकळी जागा गुपचूप काढायचा. प्रोग्राम हळू होता तो या सहा वेळच्या मोजदादीमुळे. तो चुकायचा तो मात्र या सहांपैकी कुणावरच भरवसा ठेवता येत नव्हता म्हणून. आम्ही फाइल वाचण्याच्या जागी एकच कडक तपासणी ठेवली, आतल्या पाच काढल्या, आणि दोन्ही दुखणी एकदम गेली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: तपासणी उंबरठ्यावर, आणि एकदाच. आतल्या खोल्यांच्या दारांना कुलपं लावत बसलो तर घरात वावरणं मुश्किल होतं.

यादी झाली की कॉल करणाऱ्या ओळी उघडून बघा, विशेषतः नावानिशी आर्ग्युमेंट देणाऱ्या. इथे पर्लचा लिस्ट कॉन्टेक्स्ट, म्हणजे एका मूल्याऐवजी मूल्यांची यादी चालणारी जागा, घात करतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये बगझिला या चुका नोंदवायच्या पर्ल प्रोग्राममध्ये सापडलेली चूक, सीव्हीई-२०१४-१५७२ (हा सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक), प्रत्येक पर्लवाल्याने एकदा ओळीओळीने समजून घ्यावी. नवीन खातं उघडताना हॅशमध्ये (की आणि मूल्यांच्या जोड्यांमध्ये) खऱ्या नावाच्या कीपुढे वेब फॉर्ममधली मूल्यं देणाऱ्या सीजीआयच्या परॅम मेथडचा कॉल थेट लिहिला होता. लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये ही मेथड त्या नावाची सगळी मूल्यं परत करते. कुणी फॉर्ममधून खरं नाव तीनदा पाठवलं, त्यात दुसरं मूल्य ‘लॉगिनचं नाव’ या कीचं आणि तिसरं दुसराच ईमेल पत्ता असं, की तो पत्ता आधी पडताळलेल्या पत्त्यावर बसायचा. संख्या समच राहते, म्हणून विषम घटकांची वॉर्निंगही येत नाही. हॅशमध्ये एकच की दोनदा आली तर शेवटची टिकते, त्यामुळे आत कितीही चांगली तपासणी असली तरी तिला हे दिसणारच नाही. उपाय कॉल करणाऱ्या ओळीवरच आहे: अशा प्रत्येक कॉलच्या आधी स्केलर हा शब्द, म्हणजे एकच मूल्य येतं. तुमची मेथड मूल्य नसताना नुसतं रिटर्न करत असेल तर तीही याच रांगेत. रिकामी लिस्ट आली की पुढची सगळी आर्ग्युमेंट एक घर सरकतात.

मग मूल्यांचे नियम कागदावर उतरवा, कोड लिहिण्याआधी. ‘संख्या हवी’ एवढं पुरत नाही. स्केलर युटिल या मॉड्यूलमधलं संख्या ओळखणारं फंक्शन इन्फिनिटी, नॅन (‘संख्या नाही’ हे खास मूल्य), ‘१ई५’ असल्या रूपांनाही होकार देतं, कारण ती पर्लच्या दृष्टीने संख्याच आहेत. नगांची संख्या तपासताना ते चालणार नाही. मग हात रेग्युलर एक्स्प्रेशनकडे, म्हणजे मजकूर जुळवायच्या पॅटर्नकडे वळतो, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी इथे खास थांबावं. बॅकस्लॅश-डी हे चिन्ह फक्त इंग्रजी अंकांसाठी आहे असं आपण धरून चालतो. यूटीएफ-८ नीट डीकोड केलेल्या स्ट्रिंगमध्ये ते देवनागरी अंकांनाही जुळतं. कुणी फॉर्ममध्ये देवनागरीत १२ लिहिलं तर तपासणी पास होते, आणि पुढे त्यात शून्य मिळवलं की उत्तर शून्य येतं, सोबत लॉगमध्ये ‘ही संख्या नाही’ अशी एक वॉर्निंग. बारा नगांची ऑर्डर शून्य नगांची होते. यावर दोन वाटा आहेत. एकतर पॅटर्नला ए हा मॉडिफायर लावा (५.१४ पासून आहे) किंवा चौकोनी कंसात अंकांची श्रेणी लिहा, आणि देवनागरी अंक नाकारा. नाहीतर उंबरठ्यावरच त्यांचं इंग्रजी अंकांत रूपांतर करा. मराठी माणसांसाठीचा फॉर्म असेल तर दुसरी वाटच न्याय्य आहे. आपल्या लिपीत लिहिल्याबद्दल कुणाला ‘चूक झाली’ असा संदेश का दाखवावा? पॅटर्नच्या शेवटी डॉलर लिहिण्याची सवयही सोडा. शेवटी नवी ओळ असली तरी डॉलर जुळतो, बॅकस्लॅश आणि लहान झेड जुळत नाही.

डिफॉल्ट मूल्यांसाठी ||= वापरलं असेल तिथे खूण करा. ते शून्यालाही खोटं मानतं, म्हणून दिलेलं शून्य जाऊन डिफॉल्ट बसतं. मूल्य नसेल तरच डिफॉल्ट घालणारं //= हवं. सिग्नेचरच्या कंसात हीच चिन्हं ५.३८ पासून चालतात.

रूपांतर करणार असाल तर कॉपी आधी काढा. @_ मधले घटक हे कॉल करणाऱ्याच्याच व्हेरिएबलची दुसरी नावं आहेत. थेट त्यांच्यावर लूप फिरवून मोकळ्या जागा काढल्या तर समोरच्याचं व्हेरिएबल बदलतं, आणि कुणी थेट अक्षरी मूल्य दिलं असेल तर ‘वाचण्यापुरतं मूल्य बदलता येत नाही’ म्हणून प्रोग्रामच मरतो.

इतकी तयारी झाल्यावर मॉड्यूल निवडा. पॅरम्स::व्हॅलिडेट हे जुनं आणि सज्जन मॉड्यूल आहे, पण प्रत्येक कॉलला ते नियमांचा हॅश पुन्हा वाचतं. त्याच लेखकाने, डेव्ह रॉल्स्की यांनी, पुढे पॅरम्स::व्हॅलिडेशनकंपाइलर लिहिलं. टोबी इंकस्टर यांच्या टाइप::टायनीसोबत टाइप::पॅरम्स येतं. ही दोन्ही नियम एकदाच वाचतात, त्यांतून पर्लचा कोड तयार करून कंपाइल करतात आणि तपासणारं सबरूटीन तुमच्या हातात देतात. पुढचा प्रत्येक कॉल त्या तयार सबरूटीनचा. वेग मिळतो तो इथे, आणि तो घालवायची चूकही इथेच होते. तपासणारं सबरूटीन बनवायची ओळ तुमच्या सबरूटीनच्या आत लिहिली तर ते प्रत्येक कॉलला नव्याने कंपाइल होतं आणि जुन्या मॉड्यूलपेक्षाही हळू चालतं. कोड दिसायला नीटनेटका, टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणून ही चूक रिव्ह्यूमध्ये सहज सुटते. ती ओळ फाइलच्या पातळीवर, सबरूटीनच्या बाहेर ठेवा. आतच हवी असेल तर स्टेट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ती एकदाच चालेल. स्वतःचा टाइप बनवत असाल तर त्याचा इनलाइन कोडही द्या, नाहीतर तयार झालेल्या कोडमधून दर वेळी वेगळं फंक्शन बोलावलं जातं.

ॲरेच्या आतल्या घटकांची तपासणी जपून मागा. ‘पूर्णांकांचा ॲरे’ असा टाइप दिला आणि ॲरेत एक लाख घटक असले तर प्रत्येक कॉलला एक लाख तपासण्या होतात. तोच ॲरे दहा सबरूटीनमधून फिरला की दहा लाख. अशा वेळी तो वाचताना एकदा तपासून ऑब्जेक्टमध्ये ठेवा, आणि आत फक्त ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का एवढंच विचारा. आयएसए हा ऑपरेटर ५.३२ मध्ये आला, ५.३६ मध्ये पक्का झाला, आणि तो स्वस्त आहे. ज्या सबरूटीनला लूपमधून लाखो हाका जातात त्यांना नावानिशी आर्ग्युमेंट देऊ नका. प्रत्येक हाकेला नवा हॅश बांधावा लागतो, आणि तो खर्च तपासणीच्याही वरचा ठरू शकतो.

मोजमाप यानंतर नाही, याच्याआधी आणि यानंतर असं दोनदा. पहिल्यांदा डेव्हेल::एनवायटीप्रॉफ हा प्रोफायलर लावून खऱ्या कामाचा एक फेरा घ्या आणि वेळ कुठे जातो ते बघा. डेटाबेसची एक क्वेरी जिथे काही मिलिसेकंद खाते तिथे आर्ग्युमेंटच्या तपासणीवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. गरम, म्हणजे खूप वेळ खाणारं सबरूटीन सापडलं तर पर्लसोबतच येणारं बेंचमार्क मॉड्यूल घ्या. त्याच्या तुलनेच्या फंक्शनला उणे तीन दिलं तर प्रत्येक पर्याय निदान तीन सीपीयू सेकंद चालतो. बरोबर आर्ग्युमेंटचे कॉल मोजा, कारण रोज तेच येतात. वेगासाठी तपासणी बंद ठेवायची असेल तर कॉन्स्टंटच्या अटीत लिहा. तो खोटा असला की पर्ल तो भाग कंपाइल करतानाच गाळतं. पॅरम्स::व्हॅलिडेटचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरून बंद करू नका. ते त्या प्रोसेसमधल्या सगळ्याच मॉड्यूलची तपासणी बंद करतं, ज्यांच्या लेखकांना तुम्ही विचारलेलंही नाही त्यांचीसुद्धा.

चूक झाल्याच्या संदेशासाठी, प्रोग्राम थांबवणाऱ्या डाय ऐवजी कार्प मॉड्यूलमधलं क्रोक ठेवा, म्हणजे चूक करणाऱ्याची फाइल आणि ओळ दिसेल. मूल्य अवतरणात छापा, म्हणजे शेवटची मोकळी जागा डोळ्यांना दिसते. जिथे पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक आर्ग्युमेंट म्हणून जातो तिथे त्याच मॉड्यूलमधलं कन्फेस टाळा. ते आर्ग्युमेंटसकट कॉलची सगळी साखळी लॉगमध्ये लिहितं.

टेस्टसाठी मूल्यांची एक पुरचुंडी बांधून ठेवा आणि प्रत्येक उंबरठ्यावर तीच सोडा: अनडेफ (मूल्यच नाही), रिकामी स्ट्रिंग, ‘०’, शेवटी नवी ओळ असलेला पाच, देवनागरी पाच, ‘०.०’, ‘शून्य पण खरं’ अर्थाची ती पर्लची खास इंग्रजी स्ट्रिंग, ॲरे रेफरन्स, स्पेलिंग चुकलेली की, आणि एक जास्तीचं आर्ग्युमेंट.

चालू सिस्टिममध्ये हे सगळं एका रात्रीत कडक करू नका. पहिले दोन आठवडे क्रोकच्या जागी त्याच मॉड्यूलमधलं, नुसती वॉर्निंग देणारं कार्प हे फंक्शन ठेवा, म्हणजे लॉगमध्ये नोंद होईल आणि काम चालू राहील. महिनाअखेरची बॅच त्या दोन आठवड्यांत येईल असा दिवस निवडा, कारण वर्षानुवर्षं चुकीची आर्ग्युमेंट देणारे कॉल बहुतेक तिथेच बसलेले असतात. ते दुरुस्त झाले आणि लॉग सलग काही दिवस कोरा राहिला, की मग क्रोक लावा.