ऑक्टोबरमध्ये आधी विहीर मोजावी, मग रब्बी ठरवावी : भूजल आणि जमिनीतील ओल राखण्यासाठी हंगामी सल्ला

परतीचा पाऊस ओसरू लागला की विहिरी तुडुंब दिसतात, नाल्यांना पाणी असते आणि पुढच्या आठ महिन्यांची चिंता तेवढ्यापुरती मागे पडते. नेमक्या याच पंधरवड्यात रब्बीत काय पेरायचे हे ठरते आणि बहुतेक ठिकाणी ते गेल्या वर्षीच्या बाजारभावावरून किंवा शेजारच्या शेतावरून ठरते. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर आणि विदर्भाच्या पश्चिम भागातील विहीर बागायतदारांना या सल्ल्यातून आमचे आग्रहाचे सांगणे असे आहे की बियाणे आणण्याआधी हाताशी असलेले पाणी मोजावे आणि त्या आकड्यात बसेल तेवढेच क्षेत्र ओलिताखाली धरावे.

यामागचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक मुळात सच्छिद्र नसतो. वरचा मुरूम, झिजलेला मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा ठिसूळ खडक) आणि खडकातील भेगा व सांधे यांतच काय ते पाणी मावते आणि हा साठा खडकाच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम १ ते ३ टक्के असतो. त्यामुळे चांगल्या पावसात विहीर लवकर भरते आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर खाली जाते. ऑक्टोबरमधील तुडुंब विहीर पाहून मे महिन्याची खात्री धरता येत नाही. शिवाय एकाच भेगेवर चार शेतकऱ्यांच्या विहिरी असतील, तर त्या चौघांचा साठा एकच असतो, मग सातबारा वेगवेगळे असले तरी.

विहिरीचे मोजमाप अवघड नाही. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्यावा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे आणि आलेल्या उत्तराला २२.२५ ने गुणावे. एक फूट उंचीच्या पाण्यात किती लिटर आहेत ते साधारणपणे कळते. २० फूट व्यासाच्या विहिरीत दर फुटाला सुमारे ८,९०० लिटर पाणी असते, म्हणजे ३० फूट पाणी असेल तर साठा सुमारे २ लाख ६७ हजार लिटर होतो. हा आकडा मोठा वाटतो, पण एक एकराला ५ सेंटिमीटरचे एक हलके पाणी द्यायचे म्हटले तरी २ लाख लिटर लागतात आणि मोकाट पद्धतीने सोडलेले पाणी यापेक्षा बरेच जास्त जाते. भरलेली विहीर साठ्यापुरती पाहिली तर एकरभराची एक पाळी आणि वर थोडे, इतकीच असते.

म्हणून साठ्यापेक्षा झऱ्यांचा भर किती येतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. संध्याकाळी पंप चालवून पाणी बरेच खाली न्यावे, दोरीला खूण करून पातळी नोंदवावी आणि रात्रभर पंप बंद ठेवून बारा तासांनी पुन्हा मोजावे. वरच्या उदाहरणातील विहिरीत रात्रीत ६ फूट पाणी चढले, तर भर सुमारे ५३ हजार लिटरांचा झाला आणि एकराच्या एका पाळीला जवळपास चार रात्रींचे पाणी लागेल. जमिनीतील पातळी उतरत जाते तसा हा भर कमी होतो, त्यामुळे जानेवारीनंतरचा हिशेब मांडताना आजच्या भराच्या निम्माच धरावा. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी पंप किती वेळ सलग चालतो आणि पुन्हा सुरू करण्यासाठी किती वेळ थांबावे लागते, याची तारीखवार नोंद ठेवावी.

मोजमाप एकट्याने करण्यापेक्षा शिवाराने मिळून केल्यास त्याचा खरा उपयोग होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि पिके त्यानुसार ठरवली. गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ऊस, केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके टाळली. त्यांच्या ताळेबंदात पहिला वाटा माणसांच्या व जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा असतो, आणि तो पहिलाच असायला हवा. दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे आठ महिन्यांसाठी सुमारे १ कोटी ९८ लाख लिटर पाणी लागते. ५०० मोठी जनावरे असतील तर जनावरामागे रोज ५० लिटर धरून आणखी ६० लाख लिटर. ही बेरीज २ कोटी ५८ लाखांची होते. गव्हाला पाच हलकी पाणी धरली, तर केवळ २६ एकर गहू तेवढेच पाणी पितो. सबंध गावाची आठ महिन्यांची तहान आणि २६ एकर गहू हे एकाच मापाचे आहेत, ही गोष्ट ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवण्याजोगी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तशी वेळ कोणत्याही गावावर येऊ नये, असे वाटत असेल तर हा हिशेब ऑक्टोबरमध्येच व्हायला हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर मोजते. आपल्या पाणलोटातील निरीक्षण विहीर कोणती आणि यंदाची पातळी किती, हे ग्रामपंचायतीने यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून मागवून घ्यावे.

पीक निवडताना जमिनीची खोली पाहावी, कारण कोरडवाहू रब्बीचा खरा जलसाठा मातीतच असतो. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठते, म्हणजे एकरी ६ ते ८ लाख लिटर. याला वीज लागत नाही की पंप लागत नाही. रब्बी ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत आटोपावी. उशीर झाला तर वरच्या थरातील ओल उडून जाते आणि उगवण विरळ होते. हलक्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, मालदांडी ३५-१ किंवा परभणी मोती आणि भारी जमिनीत फुले वसुधा हे वाण घ्यावेत. हेक्टरी १० किलो बियाणे पुरेसे असून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाट पेरलेले रान डोळ्यांना भरते, पण ओल लवकर संपवते. खोल जमिनीत करडईचा विचार जरूर करावा, कारण तिचे सोटमूळ मीटरभर खाली जाऊन इतर पिकांच्या हाती न लागणारी ओल घेते. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. तरीही पाण्याच्या दृष्टीने इतके काटक तेलबियांचे पीक आपल्याकडे रब्बीत दुसरे नाही. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्यांनी नांगरट करून माती उघडी पाडू नये. वखराची एक पाळी देऊन, किंवा ओल असताना शक्य तेथे विनामशागत, लगेच पेरणी करावी.

मातीतील ओल टिकवण्याच्या कामात कोळपणीइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन नाही. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे जाणते शेतकरी म्हणत आले, ते अनुभवातून. काळी जमीन वाळताना तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालच्या थरातील ओलही वाफेने निघून जाते. कोळप्याने वरची दोन बोटे माती मोकळी झाली की खालच्या थरातून वर येणाऱ्या पाण्याचा मार्ग तुटतो आणि त्या भुसभुशीत थराचेच आच्छादन तयार होते. ज्वारीत पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने करावी; तिने तण निघते. दुसरी पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने करावी. तिसरी आठव्या आठवड्यात, जमिनीला भेगा पडू लागतात त्या सुमारास, दातेरी कोळप्याने करावी, म्हणजे भेगा मातीने बुजतात. तणनाशक मारले म्हणून कोळपणी सोडून देण्याची प्रवृत्ती वाढली आहे आणि ती कोरडवाहू रब्बीला महागात पडते, कारण तणनाशकाने तण जाईल, भेग बुजणार नाही. बैलजोडी नसेल तर सायकल कोळपे किंवा लहान पॉवर विडर वापरावा, पण तिसरी पाळी चुकवू नये.

याच्या जोडीला पाचव्या आठवड्याच्या सुमारास ओळींमध्ये हेक्टरी ५ टनांपर्यंत सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या काड्या किंवा वाळलेले गवत पसरावे. मळणीनंतर भुसकटाचा ढीग बांधावर पेटवून देणे आता थांबायला हवे; त्याबरोबर आपण सेंद्रिय कर्ब जाळतो आणि बांधावरची झाडेही होरपळतात. कपाशीची फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही राखलेले पीक, ठेवू नये. ती रब्बीच्या वाट्याचे पाणी घेते आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा देते.

संरक्षित पाणी देताना वेळ साधणे हे पाण्याच्या मात्रेहून मोलाचे ठरते. ज्वारीला दोनच पाणी देणे शक्य असेल तर पहिले २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरे पीक पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. गव्हाला एकच पाणी असेल तर ४० ते ४२ दिवसांनी आणि दोन असतील तर २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. अशा अपुऱ्या ओलितासाठी फुले नेत्रावती हा वाण उपयुक्त आहे. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना पाणी द्यावे, तेही शक्यतो तुषार सिंचनाने, कारण साचलेल्या पाण्याने हरभरा उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो. तुषार संच नसल्यास सऱ्यांमध्ये एकाआड एक सरी भिजवावी. एक एकर गव्हाच्या पाच पाळ्यांच्या पाण्यात अडीच एकर ज्वारीला दोन संरक्षित पाणी देता येतात आणि कडब्याचा प्रश्नही सुटतो, हे दुभती जनावरे असलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

नाल्यांना पाणी वाहते आहे तोवर वनराई बंधारे घालावेत. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती वाळू-मातीने तीन-चतुर्थांश भरून, तोंड शिवून, विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करत रचावीत आणि जागा निवडताना पात्र अरुंद, काठ उंच व वरच्या बाजूचा उतार कमी असेल ते पाहावे. पाझर ओसरल्यावर बांधलेला बंधारा कोरडाच राहतो, म्हणून हे काम दिवाळीच्या नंतरवर ढकलू नये. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पूर ओसरताच बसवणे हेही याच दिवसांतले काम आहे. बरगे चोरीला गेलेले, रबर झिजलेले आणि फटींतून निम्मे पाणी वाहून जाणारे बंधारे गावोगाव दिसतात. पाणीवापर संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने आत्ताच पाहणी करून दुरुस्ती करून घ्यावी.

शेततळ्याबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून आणीबाणीच्या वेळी पिकाला देणे हा शेततळ्याचा हेतू आहे. प्लॅस्टिक अंथरलेले मोठे तळे विहिरीतून किंवा बोअरमधून भरून ठेवणे म्हणजे सामायिक भूजल आपल्या कुंपणात आणून उन्हात उघडे ठेवणे होय. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी दिवसाला ७,२०० लिटर आणि महिन्याला २ लाखांहून अधिक लिटर पाणी हवेत जाते. जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही. फळबागेसाठी असे तळे भरून ठेवणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो, पण तळे भरताना शेजारच्या विहिरींचा विचार ग्रामसभेत व्हायला हवा. बोअर अधिक खोल नेण्याच्या स्पर्धेचेही तसेच आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आणले आहेत, ते याच कारणाने.

ऊस असलेल्यांनी तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सऱ्यांत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकावे. या आच्छादनाने ओल टिकते आणि खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. मात्र विहिरीच्या भरवशावर नवीन ऊस लावण्याआधी त्याला वर्षभरात २,००० मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, याची विहिरीच्या मोजमापाशी तुलना करावी.

जालना, छत्रपती संभाजीनगर भागातील मोसंबी बागायतदारांनी आंबे बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या बहराचा) निर्णय ताण तोडण्याआधी, म्हणजे बागेचे थांबवलेले पाणी पुन्हा सुरू करण्याआधी घ्यावा. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातील बागाच्या बागा वाळल्या होत्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विहीर पुन्हा वरील पद्धतीने मोजावी. रात्रीचा भर ऑक्टोबरच्या निम्म्याहून खाली आला असेल, तर आंबे बहार सोडून द्यावा, झाडे जगवण्यापुरते ठिबकचे पाणी आणि खोडाभोवती जाड आच्छादन ठेवावे आणि मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बहराची) तयारी करावी. उन्हाळी भुईमूग व उन्हाळी सोयाबीनचे क्षेत्रही याच मोजमापावर ठरवावे, आणि ऑक्टोबर व जानेवारी या दोन्ही वेळच्या मोजमापांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर विहिरीच्या गटक्रमांकासह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढील ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशी तुलना करता येईल.