पूरनियंत्रण कक्षासाठी ऑन्टॉलॉजी: आधी प्रश्न, मग वर्ग

बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला की लष्कराचा कॉलम (मदतीची तुकडी), जरोदहून आलेली एनडीआरएफची तुकडी आणि महापालिकेचं अग्निशमन दल एकाच नकाशावर काम करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी पाणी ३७ फुटांवर गेलं. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. अशा वेळी प्रत्येक दलाची माहिती एकमेकांच्या संगणकाला कळायची असेल, तर शब्दांचे अर्थ आधीच पक्के ठरवलेले हवेत. ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांची नाती यांची संगणकाला कळेल अशी नेमकी मांडणी, त्यासाठीच बांधायची.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका. कक्षप्रमुख प्रत्यक्ष विचारतात ते वीस-तीस प्रश्न त्यांच्याच भाषेत लिहून घ्या: ‘अकोट्याजवळ बोटीसह मोकळी तुकडी कोणती?’ ‘हा निरोप कुणी, किती वाजता दिला?’ ज्या वर्गाचा (‘तुकडी’, ‘बोट’ अशा वस्तूंच्या प्रकाराचा) एकाही प्रश्नाला उपयोग नाही, तो काढून टाका.

वरचा सांगाडा तयार घ्या. बीएफओ हा कोणत्याही क्षेत्राला चालणारा मूळ वर्गांचा सांगाडा २०२१ पासून आयएसओ मानकाचा भाग आहे. निरीक्षणांसाठी सोसा, जागांसाठी जिओस्पार्कल आणि माहितीच्या उगमासाठी प्रोव्ह-ओ हे तयार शब्दसंग्रह आहेत. हे सगळं प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी-संपादकात उघडून तुमचे वर्ग त्याखाली जोडा.

सर्वाधिक चुका भूमिकेत होतात. ‘निवारा केंद्र’ हा ‘शाळा’चा उपवर्ग करू नका. शाळा कायम शाळाच असते. निवारा ही तिची चार दिवसांची भूमिका, आणि त्या भूमिकेला सुरुवात-शेवटाची वेळ जोडायची. तुकडीचंही तसंच: ‘राखीव’ ही तिची जात नव्हे, आजची स्थिती आहे.

पातळी हा दुसरा सापळा. आजवा सरोवराची २११ फूट आणि काळा घोड्याची २६ फूट या आकड्यांची थेट तुलना होत नाही, कारण दोन्ही वेगळ्या शून्यापासून मोजलेले असतात. म्हणून नुसता आकडा साठवू नका. प्रत्येक निरीक्षणाला ठिकाण, वेळ, एकक आणि संदर्भशून्य ही चारही अंगं हवीत. फूट आणि मीटर मिसळले की इशारा चुकतो, आणि तो चुकलेला पटकन लक्षातही येत नाही.

नावांकडे विशेष लक्ष द्या. कमाटीबाग आणि सयाजीबाग एकच, आजवा आणि सयाजी सरोवर एकच. एक ओळखक्रमांक ठेवा आणि गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी नावं भाषेच्या खुणेसह पर्यायी लेबल म्हणून द्या. ‘सेमअ‍ॅज’ (दोन नावं एकाच वस्तूची आहेत असं सांगणारं नातं) मात्र जपून वापरा. पूल आणि पुलाजवळची मोजपट्टी त्याने जोडलीत, तर दोन्हींचे गुणधर्म एकमेकांत मिसळतील.

डोमेन (नातं कोणत्या वर्गापासून सुरू होतं) आणि रेंज (ते कोणत्या वर्गापर्यंत जातं) म्हणजे तपासणी, हा गैरसमज महागात पडतो. ‘बोट बाळगतो’ या नात्याचा डोमेन ‘बचाव तुकडी’ ठेवलात आणि एखाद्या ठेकेदाराकडे बोट असल्याची नोंद झाली, तर रीझनर, म्हणजे नियमांवरून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर, चूक दाखवत नाही. तो ठेकेदारालाच बचाव तुकडी ठरवतो. ‘ठेकेदार’ आणि ‘बचाव तुकडी’ हे वर्ग परस्परविभक्त (एकच वस्तू दोन्हींत असू शकत नाही असे) असल्याचं जाहीर केलं असेल, तरच विसंगती उघड होते. दर दहा-पंधरा बदलांनंतर हर्मिट हा रीझनर चालवा. शंभर बदल साचल्यावर मूळ दोष शोधण्यात दिवस जातो.

नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, असं आउल, म्हणजे ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा, मानत नाही. ‘बोट नसलेल्या तुकड्या’ हा प्रश्न रीझनरला विचारला, तर तो त्यामुळे रिकामा परततो. नोंद अपुरी आहे का हे पाहायला २०१७ चं शॅकल मानक वापरा: प्रत्येक तुकडीला बोटींची संख्या हवीच, मग ती शून्य का असेना.

आदेश, अहवाल आणि घडलेली घटना हे तीन वेगळे वर्ग ठेवा. ‘बोट वडसरला पोहोचली’ असं कुणी कळवलं, तर तो अहवाल झाला. दोन अहवाल परस्परविरोधी असले तरी दोन्ही साठवता आले पाहिजेत, कळवणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह. कक्षप्रमुखाने कोणता मानला, त्याची नोंद वेगळी ठेवा.

शेवटी जुन्या पुराच्या एका दिवसाच्या नोंदी भरून सुरुवातीचे सगळे प्रश्न स्पार्कल या प्रश्नभाषेत चालवा. चुकीचं उत्तर आलं तर आधी भूमिका आणि एककं तपासा. अवजड रीझनर सतत येणाऱ्या आकड्यांवर लावू नका. तिथे आउल आरएल या आउलच्या हलक्या उपप्रकाराचे साधे नियम पुरतात.